कडीवरचं फडकं

त्या वर्षांतलं सगळ्यात ठळक काय आठवतं असं कुणी विचारलं, तर मी खरं तेच सांगते. झोप. लोकांना वाटतं, मी ऑपरेशनबद्दल बोलेन, डॉक्टरांबद्दल बोलेन, नवससायासांबद्दल बोलेन. तेही बोलते, पण आधी झोप. मिळेल तिथे, मिळेल तेवढी, रेशनच्या रांगेत उभ्या उभ्या, बसच्या दांड्याला धरून, भाजी निवडता निवडता. पोटभर झोपलेल्या माणसांचा मला तेव्हा मनापासून राग यायचा, आणि असा एक माणूस माझ्या घरातच होता.

तो माणूस म्हणजे माझा नवरा. वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पिंपरीतल्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, मग रात्रपाळी, आणि पुन्हा पहिल्यापासून. संत तुकाराम नगरच्या अलीकडे एका मावशींनी पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधली होती, त्यातली एक खोली आमची. मावशी मूळच्या तिथल्याच. त्यांची जमीन कारखान्यात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या चढवल्या आणि जमीन घेणाऱ्या कारखान्यांच्या कामगारांनाच त्या भाड्यानं दिल्या. त्यामुळे रांगेतल्या सगळ्या घरांचं घड्याळ एकच होतं, ते म्हणजे कंपनीचा भोंगा.

रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो आणि दिवसा झोपतो. पत्र्याच्या खोलीत, शेजारच्या घराशी अर्ध्या विटेची भिंत, त्यात दिवसा झोपायचं म्हणजे सगळ्या रांगेनं ते ठरवून करावं लागतं. आमच्याकडे त्याची एक रीत पडली होती. ज्या घरात रात्रपाळीचा माणूस झोपलाय त्या घराची बाई बाहेरच्या कडीला एक फडकं बांधायची. फडकं दिसलं की त्या बाजूला कपडे आपटायचे नाहीत, खलबत्ता काढायचा नाही, रेडिओ लावायचा नाही, पोरांनी लांब जाऊन खेळायचं. आणि एवढ्या खोल्यांत कुणाची ना कुणाची रात्रपाळी असायचीच. त्यामुळे कुठल्या ना कुठल्या कडीला फडकं लोंबतच असायचं आणि आमची सगळी रांग बारा महिने कुजबुजत जगायची. अपवाद फक्त गुरुवारच्या दुपारचा. गुरुवारी आमच्या भागातले कारखाने बंद असत, रात्रीचे आलेले लोक दुपारपर्यंत उठलेले असत, आणि मग जो काही आरडाओरडा व्हायचा तो आठवड्याचा एकदमच व्हायचा.

ही रीत मोडणाऱ्यांना वठणीवर आणायचं काम मावशींनी आपणहून घेतलं होतं. त्या दारात उभ्या राहून ओरडायच्या, "गप ऱ्हावा मेल्यांनो, मानूस निजलाय." त्यांचा आवाज असा की पोरांच्या गलक्यात न उठलेला माणूस त्यांच्या ओरडण्यानं उठून बसायचा. पण हे त्यांना सांगणार कोण? सगळ्यांना त्यांच्याकडेच भाडं भरायचं होतं.

बायकांसाठी मात्र फडकं बांधायची पद्धत नव्हती. बाळंतीण असो, तापानं फणफणलेली असो, बाई दिवसा झोपली तर ती लोळतेय असंच धरलं जायचं. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. इतकं खोलात जायला डोकं जागं लागतं, आणि माझं नव्हतं.

आमची मुलगी दोन वर्षांची असताना तिला घटसर्प झाला. माझ्या माहेरी, राजगुरुनगरकडे, आम्ही लग्नाला गेलो होतो. तिथेच ताप आला, घसा सुजला, मला वाटलं नेहमीचं असेल. चाकण ओलांडून पिंपरीला येईपर्यंत तिचा श्वास असा ओढला जात होता की बसमधल्या अनोळखी बायका उठून उभ्या राहिल्या. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पोचलो तेव्हा ती निळी पडली होती. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं आणि तिच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. पोर वाचली. मी पहिल्यांदा नळी पाहिली तेव्हा मला भोवळ आली, पण पोर वाचली होती आणि नळी चार दिवसांत काढू असं ते म्हणत होते. मीही तसंच धरून चालले.

ती नळी निघाली नाही. काढायला गेले की पोर गुदमरायची. शेवटी कळलं की आवाजाच्या पेटीच्या खाली, जिथून श्वास आत जातो, तिथली वाट आतून आक्रसून गेली आहे. एका डॉक्टरांनी मला सांगितलं, उसाच्या चिपाडातून हवा जाईल तेवढीच जागा उरलीय. वाट बंद म्हणून श्वास गळ्याच्या भोकातून. आणि श्वास वर येतच नाही म्हणून आवाजही नाही. रडली तरी तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि आवाज काही नाही. असं रडणारं मूल ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही.

मग सुरू झालं ते रोजचं. नळी चांदीची होती आणि तिच्या आत दुसरी बारीक नळी. आतली काढायची, सोडा घालून उकळायची, कापडाच्या चिंधीनं आतून पुसायची, पुन्हा बसवायची. नळीत कफ साठला की पायानं दाबायच्या पंपाला रबरी नळी लावून तो ओढून काढायचा. गळ्याला बांधायची नाडी रोज बदलायची. अंघोळ घालताना एक थेंब आत जाता कामा नये. वर एक ओलं फडकं बांधायचं, म्हणजे धूळ आत जाणार नाही, आणि आमच्याकडे तेव्हा धुळीला काही तोटा नव्हता, जिकडे बघावं तिकडे खणलेलं. हे फडकं तिला फार जवळचं होतं. ते नसलं की ती घराबाहेर पाय टाकायची नाही, कारण नळी पाहून बाकीची पोरं तिला शिट्टी म्हणायची.

आणि रात्री मी झोपायची नाही. झोपायची म्हणजे आडवी व्हायची, पण कान नळीशी. नळीतून श्वासाचा बारीक सूर यायचा. तो सूर चालू आहे तोवर ठीक. जरा खरखरला, जरा थांबला, की मी पंपावर. हे इतकी वर्षं चाललं की सुराशिवाय मला चैन पडेना आणि सुरासकट झोप लागेना. नवरा म्हणायचा, "अगं, मी बसतो जरा, तू पड." बसायचाही. पण दुसऱ्या दिवशी त्याला मशीनसमोर उभं राहायचं असायचं, आणि झोपेत असलेल्या एका माणसाचं बोट त्याच कारखान्यात गेलेलं आम्ही पाहिलं होतं. तेव्हा मीच त्याला म्हणायची, तुम्ही झोपा. मनातून चिडायची आणि तोंडानं झोपा म्हणायची. संसार म्हणतात तो बहुतेक असाच असतो.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र रांगेला फार पसंत पडली. आमच्या पोरीचा आवाज नव्हता. बाकीच्यांची पोरं रडायची, भांडायची, हाका मारायची आणि रात्रपाळीच्या माणसांच्या शिव्या खायची. आमची दाराशी बसून खडे मांडत राहायची. काही हवं असलं तर माझा पदर ओढायची, ओठ हलवून सांगायची, आणि मला सगळं कळायचं. मावशी तिच्या डोक्यावरून हात फिरवून सगळ्यांना ऐकवायच्या, "ही बगा, किती गुनाची हाय. आवाज न्हाई का काय न्हाई. शिका वाईच." पोरगी खूश व्हायची. जगात तिचं कौतुक होत होतं ते याच एका गोष्टीसाठी. तीही मग इतर पोरांना ओठांवर बोट ठेवून गप्प करायला लागली. मावशींची ती लहानशी मदतनीसच झाली म्हणा ना, फक्त बिनआवाजाची.

अधूनमधून इस्पितळात नेऊन, भूल देऊन, आतली वाट सळ्या घालून रुंद करायचे. थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा ती आवळायची. असं किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक वेळी मी नवी आशा घेऊन जायची आणि जुनी पोर घेऊन परत यायची. शेवटी शेवटी तर मी आशाही घरीच ठेवून जायला लागले. न्यायला आणायला ओझं नको.

पोरगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा तिथे एक नवे सर्जन आले. तरुण होते, भरभर बोलायचे, आणि समोरच्याला कळलं की नाही हे थांबून बघायचे, ही गोष्ट मला नवीन होती. ते म्हणाले, "बाई, सळीनं ताणलेली जागा परत आवळणारच. तिथे काहीतरी नवं बसवायला हवं." त्यांनी मला माझ्याच कानाचा वरचा भाग चिमटीत धरायला सांगितला. वाकतो, पण मोडत नाही, आणि सोडला की परत उभा राहतो. त्याला कूर्चा म्हणतात. बरगडीच्या पुढच्या टोकालाही तशीच कूर्चा असते. तिचा एक तुकडा काढायचा, होडीसारखा कोरायचा, श्वासाची नळी समोरून उभी चिरायची आणि त्या चिरेत तो तुकडा शिवून टाकायचा. म्हणजे चीर पुन्हा मिटायची नाही, तिथली जागा कायमची मोठी राहील.

नवरा म्हणाला, "आमच्याकडे पाइपला पट्टी मारतात, तसं."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "फक्त तुमची पट्टी मारली की झालं. ही आमची पट्टी तिथे रुजावी लागते. रुजली तर रुजली."

नाही रुजली तर काय, हे मी विचारलं. त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, मग नळी राहील, आणि पुढच्या वेळी गळा उघडणं याहून अवघड होईल. दोघांनी घरी जाऊन विचार करा म्हणाले. आम्ही काय विचार करणार होतो? परतीच्या बसमध्ये, दापोडीच्या पुढे, तिच्या नळीवर फडकं दाबून धरलेलं, समोरच्या ट्रकचा धूर आत येत होता, आणि नवरा म्हणाला, "करून टाकू." मी हो म्हटलं. मला खरं तर एवढंच वाटत होतं की हे एकदाचं काहीतरी होऊन संपावं. आईनं असं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाकावर बसून होते आणि माझ्या मनात काहीही नव्हतं. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही आठवेना. डॉक्टर बाहेर आले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, तुकडा छान बसलाय. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी विचारलं, पाणी कधी देऊ तिला? मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

जाग आल्यावर पोरगी गळ्यापेक्षा छातीच्या टाक्यानं जास्त कळवळली. बरगडीकडे बोट दाखवायची आणि माझ्याकडे रागानं बघायची. दुखणं गळ्याचं आणि कापलं छातीला, हे तिला पटलंच नाही. तिला दोष तरी कसा देणार? आतली शिवण धरून राहावी म्हणून वाटेत एक आधाराची नळी ठेवली होती, ती काही आठवडे राहिली. नाकातून घातलेल्या नळीनं दूध द्यायचं. मी खाटेखाली सतरंजी टाकून राहिले. नवरा पाळीप्रमाणे यायचा, रात्रपाळी असली की सकाळी तिथेच बाकावर बसून डुलक्या काढायचा, आणि मी त्याच्याकडे बघत बसायची. त्याच्यावरचा राग मात्र त्या दिवसांत कुठे गेला कळलं नाही. दोघंही सारखेच पेंगत होतो.

आधाराची नळी काढली. डॉक्टरांनी आत पाहिलं, जागा मोकळी आहे म्हणाले. मग गळ्यातली चांदीची नळी बदलून अगदी लहान बसवली आणि तिच्या तोंडाला बूच लावलं. दिवसभर बूच, रात्री काढायचं. श्वास आता नाकातोंडानं घ्यायचा. पहिल्या वेळी ती घाबरून माझ्या दंडाला नखं रुतवून उभी राहिली, आणि मग नाकातून हवा आत गेली, बाहेर आली. तिनं आपल्या नाकाला हात लावून पाहिला. इतकी वर्षं नाक नुसतंच होतं. मी तेव्हा रडले. त्या सगळ्या काळात मनसोक्त रडले ती तेवढी एकदाच.

घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "आता हवा वरून जातेय, म्हणजे आवाजही आला पाहिजे. तिला बोलती करा."

ती बोलेना. ओठ पूर्वीसारखेच हलवायची आणि त्यातून नुसती हवा यायची, फुस् फुस्. मी तिला जवळ घेऊन बसायची. त्या आठवड्यात आमच्याकडेच रात्रपाळी होती, कडीला फडकं, आत नवरा झोपलेला. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणायची, बोल ना गं, मोठ्यानं बोल, आई म्हण. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि अगदी माझ्याचसारखं करायची. फुस्. मग नवऱ्याची पाळी बदलली तर शेजारच्या कडीला फडकं लागलं. मी पुन्हा तिच्या कानाशी, आणि ती पुन्हा फुस्.

तपासायला नेलं तर इस्पितळात ती डॉक्टरांना बघून आणखीच मिटली. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, हसवून पाहिलं. हवाच. त्यांचा चेहरा पडला. ते माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच सावकाश बोलले. म्हणाले, "श्वास ठीक दिसतोय, पण आवाज नाही हे मला आवडत नाही. एक तर आवाजाचे पडदे हलत नसतील, नाहीतर आत पुन्हा मांस वाढायला लागलं असेल. पुढच्या शुक्रवारी दाखल करा, भूल देऊन बघतो. तसं असलं तर मोठी नळी परत बसवावी लागेल." आणि गळा? मी विचारलं. "लागला तर पुन्हा उघडावा लागेल," ते म्हणाले.

त्या आठवड्यात मी कशी वागले ते मला नीट आठवत नाही. स्वयंपाक केला असणार, पाणी भरलं असणार. नवऱ्याशी चार शब्द धड बोलले नाही. मावशी येऊन म्हणाल्या, "देवाच्या मनात आसंल तर हुईल. न्हाईतरी गुनाचीच हाय ती, आवाजाबिगर." त्यांना वाटलं धीर देतोय. मी भाकरी थापत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर खोली सोडावी लागली असती.

गुरुवार आला. उद्या दाखल व्हायचं म्हणून मी पिशवी भरून ठेवली होती, तिचे कपडे, पेला, सोड्याची पुडी, जुनी मोठी नळी. डॉक्टरांनी ती घेऊन या म्हणून सांगितलं होतं. जेवणं झाल्यावर नवरा चिंचवडला एका कामगाराकडे गेला, आपली शुक्रवारची पाळी त्यानं घ्यावी म्हणून. बाहेर पोरांचा गुरुवारचा दंगा सुरू झाला होता, पत्र्यावर चेंडू आदळत होता. पोरगी उंबऱ्याशी बसून बघत होती. मी भिंतीला टेकून बसले. नळीला बूच होतं, त्यामुळे तो सूर नव्हता. कान लावून बसावं असं घरात काहीच नव्हतं. आणि मी झोपले.

झोपले म्हणजे खरोखरीची झोपले. चेंडूचा आवाज गेला, पोरांचा गेला, मी कुठे आहे हेही गेलं. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी असं कधी झालं नव्हतं.

मला जाग आली ती कुणाच्या तरी ओरडण्यानं. दाराबाहेर एक पोर ओरडत होतं. घोगरा, फाटका आवाज, अर्धा शब्द लागायचा आणि अर्धा वाऱ्यावर जायचा. मला असा संताप आला म्हणून सांगू! आता कुठे डोळा लागला होता, आणि कुणाचं हे मेलं घोगरं कार्टं? रांगेतल्या सगळ्या पोरांचे आवाज मला पाठ होते, हा त्यातला नव्हता. म्हटलं, कुणाकडे पाहुणे आले असतील. उठून दोन शब्द सुनवावेत म्हणून मी हात जमिनीला टेकला.

तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला. "गप ऱ्हावा मेल्यांनो. माझी आई निजलीया."

शब्द मावशींचे होते, ठेकाही मावशींचा. आवाज कुणाचाच नव्हता. दार लोटलेलं होतं, आणि उंबऱ्यावर बसलेली माझी पोर तिथे नव्हती. माझा टेकलेला हात तसाच राहिला.

पुढचं जे झालं ते आधी सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी तिला इस्पितळात नेलं, आणि डॉक्टरांसमोर ती पुन्हा मिटली. तेव्हा मी त्यांना म्हटलं, जरा गडबड करा, आणि मी बाकावर डोळे मिटून पडले. ते बिचारे माझ्याकडे वेड लागल्यासारखे बघायला लागले. पण त्यांनी एक स्टूल जोरात ओढलं, आणि तिनं त्यांना दम भरला. मग मी त्यांना कडीच्या फडक्याचं सांगितलं, आमच्याकडे कुणीच मोठ्यानं बोलत नाही हे सांगितलं, आणि मीही तिला मोठ्यानं बोल म्हणून सांगत होते ते कुजबुजतच, हे बोलता बोलता माझंच मला कळलं. डॉक्टर खुर्चीत मागे टेकून बसले. इतकी वर्षं जे न ओरडण्यासाठी शाबासकी मिळवतं ते मूल गळा मोकळा झाला म्हणून एका दिवसात ओरडायला लागणार कसं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बरगडीचा तुकडा केव्हाच रुजला होता. भूल द्यावी लागली नाही. थोड्या आठवड्यांनी नळी निघाली, गळ्याचं भोक आपोआप मिटत गेलं. आवाज घोगरा राहिला, तो आजही तसाच आहे, आणि टेलिफोनवर लोक तिला अजून दादा म्हणतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी भिंतीला टेकलेली, हात जमिनीवर, आणि दाराच्या फटीतून बाहेरचं थोडं दिसत होतं. आमच्या कडीला बांधलेल्या कशाचं तरी टोक फटीत लोंबत होतं. मी नीट पाहिलं. तिच्या गळ्यावरचं फडकं. ते सोडून, नळी आणि बूच उघडं टाकून, ती सगळ्या पोरांसमोर उभी होती.

मावशी आल्या. त्यांच्या चपलांवरून कळलं. त्यांनी आधी कडीकडे पाहिलं असणार, कारण त्यांनी विचारलं, "कोन निजलंय गं? तुजा बा तर आत्ताच भाईर गेला न्हवं?"

"आई निजलीया," ती म्हणाली.

मला वाटलं, मावशी आता तिच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलतील, सगळ्या रांगेला गोळा करतील. पण जन्मात कधी हळू न बोललेल्या त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बरं बाई. निजू दे तिला." आणि पोरांना घेऊन त्या रांगेच्या टोकाकडे निघून गेल्या.

मला धावत जाऊन तिला उचलून घ्यायचं होतं. नवऱ्याला बोलावून आणायचं होतं, भरलेली पिशवी फेकून द्यायची होती. तोंडावर पदर दाबला, कारण हुंदका बाहेर पडत होता. दार किलकिलं झालं आणि ती मी झोपले आहे ना ते बघायला आत आली. मी डोळे घट्ट मिटून घेतले. मी उठले असते तर तिला वाटलं असतं की तिच्या आवाजानं माझी झोप मोडली.